सोसू नको, सांग

भंडारा जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा एक गाडी येते. तिच्यावर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं नाव असतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये हा कार्यक्रम पालघरहून देशभर सुरू झाला. पथकातले डॉक्टर मुलांचं वजन, उंची, डोळे, दात बघत जातात आणि प्रत्येकाच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात. एखाद्या छातीवर तो जरा जास्त वेळ रेंगाळतो. दोन ठोक्यांच्या मधे शांतता असायला हवी, तिथे फुसफुस ऐकू येते. घरी निरोप जातो, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी असते: "पोट्ट्याच्या हार्टमधी छेद हाय म्हणते."

जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी साधारण आठ-नऊ जणांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यातल्या बऱ्याच मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही. काही छिद्रं आपसूक बुजतात. ज्यांना लागते त्यांची वाट जिल्हा रुग्णालयातून निघते आणि राष्ट्रीय महामार्गाला लागते. पश्चिमेला नागपूर आहे, पुढे वर्ध्याजवळचं सावंगी, काहींच्या नशिबी थेट मुंबई. त्याच रस्त्यानं पूर्वेला देवरी ओलांडून गेलं की नवा रायपूर लागतं. तिथल्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात २०१२ पासून मुलांच्या हृदयावर मोफत उपचार होतात. खर्चाची सोय महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकते. ही योजना आधी राजीव गांधींच्या नावानं जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये भंडाऱ्यासह राज्यभर पोचली.

तारीख कधीची, रक्त कोण देणार, रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळतं का, हे सगळं आईबाप विचारून घेतात. पोराला दुखेल किती आणि त्यावर काय करणार, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. दुखणं हा ऑपरेशनचा भाग आहे, तो सोसायचाच असतो, असं आपण धरून चालतो. या प्रकरणाचं म्हणणं याच्या उलट आहे. वेदना शमवणं हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे. ते नीट झालं नाही तर उत्तम शिवलेलं हृदयही अडचणीत येऊ शकतं.

हे वैद्यकशास्त्राला कळायला फार उशीर झाला, आणि कळण्यात आपल्याकडच्या एका डॉक्टरचा मोठा वाटा आहे. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या नामांकित रुग्णालयांतही नवजात बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी पुरेशी भूल अनेकदा दिली जात नसे. त्यांच्या मज्जासंस्थेची वाढ अपुरी असते, त्यांना आपल्यासारखं दुखत नाही, दुखलं तरी आठवत नाही, आणि भुलीची औषधंच त्यांच्या जिवावर बेततील, असा समज होता. स्नायू लुळे पाडणारं औषध दिलं की बाळ हलत नसे. न हलणारं बाळ शांत दिसतं. १९८५ मध्ये अमेरिकेत जेफ्री लॉसन नावाच्या अकाली जन्मलेल्या बाळावर हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया झाली. काही आठवड्यांनी ते गेलं. छाती उघडताना त्याला स्नायू लुळे करणाऱ्या औषधापलीकडे वेदनेसाठी काही दिलेलं नव्हतं, हे त्याच्या आईला, जिल लॉसनला, नंतर चौकशी केल्यावर समजलं. तिनं ते जाहीरपणे लिहिलं आणि १९८६ मध्ये अमेरिकेत गदारोळ उठला.

त्याच सुमारास इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजित सिंग आनंद याच प्रश्नाच्या मागे लागले होते. शस्त्रक्रियेला धडधाकट गेलेली बाळं परत येताना पांढरीफटक, नाडी धावणारी अशी का येतात, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी हीच रक्तवाहिनी बांधण्यासाठी आलेली अकाली जन्मलेली बाळं घेतली. अर्ध्यांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हलकी भूल दिली, अर्ध्यांना तिच्या जोडीला फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं. पहिल्या गटाच्या रक्तात ताणाची संप्रेरकं उसळलेली आढळली, आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्याच गटात जास्त होती. हा अभ्यास १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे १९९२ मध्ये आनंद आणि त्यांचे सहकारी हिकी यांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ४५ नवजातांचा अभ्यास छापला. खोल भूल आणि नंतरही जोरकस वेदनाशमन मिळालेल्या ३० पैकी एकही बाळ दगावलं नाही. हलक्या पद्धतीच्या १५ पैकी ४ दगावली. आकडे लहान आहेत. तरी त्यानंतर 'बाळाला कळत नाही' हे वाक्य शस्त्रक्रियागृहात उच्चारणं अवघड झालं. आपल्या घरांत ते अजून सर्रास उच्चारलं जातं.

दुखतं कुठे आणि का, हे चीर कुठे आहे त्यावर ठरतं. हृदयाच्या कप्प्यांमधलं छिद्र बुजवायचं असेल तर बहुधा छातीच्या मधोमध असलेलं उरोस्थीचं हाड उभं कापावं लागतं. काम झालं की मोठ्या मुलांत ते पोलादी तारेनं आणि तान्ह्यांत अनेकदा जाड धाग्यानं बांधतात. ते जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. नुसती रक्तवाहिनी बांधायची असेल तर चीर डाव्या कुशीत, फासळ्यांच्या मधून जाते. ही चीर लहान दिसते म्हणून आईबापांना हायसं वाटतं, पण दुखण्याच्या बाबतीत ती मधल्या चिरेपेक्षा खट्याळ असते: प्रत्येक फासळीखालून नस जाते, आणि श्वासागणिक फासळ्या हलतात. काही छिद्रं आता जांघेतल्या शिरेतून नळी घालून छत्रीसारख्या उपकरणानं बंद करता येतात. त्या मुलांना काही तास पाय सरळ ठेवून पडून राहण्याचाच काय तो जाच.

शिवाय छातीत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढायला एक-दोन नळ्या घातलेल्या असतात. मुलांना सगळ्यांत जास्त आठवतात त्या याच. नळी आत असेपर्यंत टोचत राहते, आणि काढताना काही क्षण तीव्र कळ येते. ती कळ अचानक नसते. वेळ आधी ठरलेली असते. म्हणून औषध आधी देऊन, त्याचा असर चढल्यावर नळी काढायची, ही साधी गोष्ट आहे. "नळी काढायच्या आधी दुखण्याचं औषध देणार ना?" असं नर्सताईंना विचारण्यात आगाऊपणा काही नाही.

वेदनेनं होतं काय, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. छाती दुखते म्हणून मूल उथळ श्वास घेतं. खोकत नाही. कफ खाली बसतो, फुप्फुसाचा तळ मिटतो, ताप येतो, न्यूमोनियाची वाट मोकळी होते. दुसरीकडे शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं, नाडी धावते, रक्तदाब चढतो, आणि नुकत्याच शिवलेल्या हृदयाला विश्रांतीऐवजी ज्यादा काम लागतं. ज्या मुलांच्या फुप्फुसातला रक्तदाब आधीपासून वाढलेला आहे (मोठं छिद्र उशिरा सापडलेली मुलं यात येतात, आणि आपल्याकडे उशीर काही दुर्मीळ नाही), त्यांत नुसत्या रडण्यानं किंवा श्वासनलिकेतला कफ ओढताना फुप्फुसाच्या शिरा एकदम आवळल्या जाऊन जिवाचा धोका होऊ शकतो. म्हणून अशा मुलांना पहिले काही तास, कधी काही दिवस, मुद्दाम गुंगीत ठेवतात. काचेपलीकडून बघणाऱ्या आईला वाटतं पोर शुद्धीवर येत नाही. त्याला येऊ दिलेलं नसतं.

मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट येऊन त्याच दुखऱ्या छातीला खोकायला लावतात, नळीतून श्वास ओढून तीन गोळे वर उचलायला सांगतात, लहानग्यांना साबणाचे बुडबुडे फुंकायला देतात. आई म्हणते, "राहू द्या ना सर, दुखतंय त्याला." खरं तर दुखणं शमवायचंच यासाठी असतं, की त्याला हे करता यावं. उशी छातीशी घट्ट धरून खोकलं की हाड कमी हलतं आणि कळ कमी येते. घरची मऊ चादर घडी करून नेली तरी चालते.

दुखतंय किती, हे मोजायचं कसं? ताप मोजायला थर्मामीटर आहे. वेदनेला तसं यंत्र नाही. ज्याला बोलता येतं त्याला विचारणं हेच सर्वांत खरं मोजमाप. तीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या डोना वाँग आणि कोनी बेकर यांनी १९८० च्या दशकात सहा चेहऱ्यांचा तक्ता केला, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत. मूल आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवतं. लाखांदूरचं चार वर्षांचं पोर "दुकते" म्हणतं, रायपूरच्या वॉर्डातली नर्स दुसऱ्याच राज्यातून आलेली असते. तिथे हा तक्ता दुभाष्याचं काम करतो. एवढ्या वयाची मुलं कुठेही दुखलं तरी पोटावर हात ठेवतात, हेही लक्षात असलेलं बरं. ज्याला बोलता येत नाही त्याच्या पाच गोष्टी बघतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होतं का. प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहा गुण. ही पद्धत मिशिगन विद्यापीठातल्या परिचारिकांनी १९९७ मध्ये मांडली.

पण तक्त्यानं न पकडलं जाणारंही एक मूल असतं. ते अजिबात रडत नाही, हलत नाही, छताकडे बघत पडून राहतं. सगळे म्हणतात किती शहाणं पोर आहे. बहुतेक वेळा ते शहाणं नसतं. हललं की दुखतं हे त्याला कळलेलं असतं, एवढंच. आणखी एक मूल "नाही दुखत" म्हणतं, कारण हो म्हटलं की सुई येईल असं त्यानं पाहिलेलं असतं. त्याला सांगावं लागतं की औषध आधीच लावलेल्या सलाईनच्या नळीतूनच जातं, नवी सुई नाही. आपल्याकडे मुलांना, त्यातही मुलग्यांना, "वाघ आहेस ना तू, वाघ रडतो का?" असं म्हणायची खोड आहे. वॉर्डात ती घातक ठरते. रडणाऱ्या वाघाला वेळेवर औषध मिळतं.

औषधं एकावर एक थर अशी दिली जातात. सुरुवातीला मॉर्फिन किंवा फेंटानिलचा बारीक थेंब, जोडीला घड्याळ लावून पॅरासिटामॉल, काही ठिकाणी भूलतज्ज्ञ सोनोग्राफीत बघून पाठीच्या स्नायूंच्या थरात बधिरीकरणाचं औषध सोडतात. अनेक थर असले की प्रत्येकाची मात्रा कमी लागते. दुखणं उसळल्यावर धावण्यापेक्षा ते उसळू न देणं सोपं असतं, म्हणून पहिले दोन-तीन दिवस औषध मागितल्यावर नव्हे तर वेळेवर द्यायचं.

मॉर्फिन म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो: अफूचं औषध, पोराला चटक लागली तर? चार दिवस मोजून दिलेल्या मॉर्फिननं व्यसन लागत नाही. फार दिवस चाललं तर शरीर सवयीचं होतं, म्हणून ते एकदम बंद न करता उतरवत नेतात; तेवढ्यापुरती चिडचिड, घाम, जुलाब होऊ शकतात. या भीतीचं मूळ आपल्या कायद्यातही आहे. भारत परवान्यानं अफू पिकवतो, मध्य प्रदेशातल्या नीमचला तिचा सरकारी कारखाना आहे, आपली अफू परदेशातही औषधासाठी जाते. आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर आपल्याच रुग्णालयांतला मॉर्फिनचा वापर एकदम घसरला, कारण परवान्यांची जंत्री कोणालाच झेपेना. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली. शेतात चीक आणि खाटेवर कळ, ही आपली जुनी शोकांतिका आहे.

भंडाऱ्यासाठी इथे एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, जी मुंबईत बसून लिहिलेल्या पुस्तिकेत सापडत नाही. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. १९५८ मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लेख आला होता. या आजारात रक्तातल्या लाल पेशी प्राणवायू कमी पडला, शरीर थंड झालं, पाणी कमी झालं किंवा रक्त आम्लधर्मी झालं की कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक शिरा बुजवतात. आता हृदयशस्त्रक्रिया डोळ्यांपुढे आणा: हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवलं जातं, अंग बऱ्याचदा मुद्दाम थंड केलं जातं. म्हणजे पेशी वाकड्या व्हायला लागणारं सगळं एकाच टेबलावर. म्हणून या भागातल्या मुलाची सिकल तपासणी आधी झालीच पाहिजे; आजार असेल तर रक्त बदलून देऊन, अंग ऊबदार ठेवून शस्त्रक्रिया करता येते. ज्या घरात 'एसएस'चं (आजाराचं) लाल कार्ड किंवा 'एएस'चं (वाहकाचं) पिवळं कार्ड आहे, त्यांनी ते फाईलच्या सगळ्यांत वर ठेवावं. आणि नंतर मुलाचे हातपाय, कंबर दुखू लागली तर ते छातीच्या चिरेचं दुखणं समजून बसू नये. तो सिकलचा झटका असू शकतो आणि त्याचे उपचार निराळे आहेत.

सुटी साधारण आठवड्याभरात होते. तिथून पुढची पाच-सात आठवड्यांची शुश्रूषा घरच्यांच्या हातात. ती नेमकी धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आली तर आई बांधीत आणि मूल आजीपाशी. म्हणून सूचना ऐकायला शक्यतो आजीलाही न्यावं, किंवा नर्स सांगत असतील ते फोनवर रेकॉर्ड करून आणावं.

पहिली सूचना उचलण्याची. मुलाला काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात ढुंगणाखाली, एक पाठी-मानेमागे. दोन्ही हातांना धरून ओढून उठवायचं नाही. तान्ह्याला पालथं टाकून मालीश नको, चिरेवर तेल, हळद, राख काही नको. भंडारा रोड स्टेशनवर उतरून पुढचं अंतर मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून न्यायचा मोह होतो. त्या दिवशी ऑटो करावा. सायकल, झाडावर चढणं, कुस्ती दोन-तीन महिने बंद. तान्ह्या पोळ्याला छोटा नंदी दोरीनं ओढायला हरकत नाही, आजोबांच्या काळचा भलामोठा लाकडी नंदी पुढच्या वर्षी.

घरी दुखण्यासाठी बहुधा पॅरासिटामॉल पुरतं, आणि गोंधळही त्यातच होतो. मात्रा वजनावर असते: किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम, दोन डोसांत निदान सहा तासांचं अंतर. पण बाजारात हेच औषध ५ मिलीत १२५ मिलीग्रॅम, ५ मिलीत २५० मिलीग्रॅम आणि थेंबांच्या बाटलीत दर मिलीला १०० मिलीग्रॅम असं तीन ताकदींत मिळतं. दहा किलोच्या मुलाला १५० मिलीग्रॅम द्यायचे तर पहिल्या बाटलीतून ६ मिली, दुसरीतून ३ आणि तिसरीतून दीड. "पाच-पाच मिली द्या" असा फोनवरचा सल्ला एका बाटलीत अपुरा आणि दुसरीत जादा ठरतो. मोजायला चमचा नको, सिरिंज घ्यावी. दुकानदारानं पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन एकत्र असलेलं सिरप दिलं तर थांबावं: मूल लघवी वाढवणाऱ्या औषधावर असेल तर आयब्युप्रोफेननं मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, ते डॉक्टरांना विचारूनच. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांना भारतात २०११ पासून मनाईच आहे.

दुखणं रोज थोडं कमी होत गेलं पाहिजे. कमी होऊन पुन्हा वाढलं, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला, चिरेतून पाणी-पू आलं, छातीचं हाड कटकट वाजलं, श्वास जोरात चालला किंवा तान्हं दूध ओढेनासं झालं, तर वाट बघू नये. तुमसर-साकोलीच्या सरकारी रुग्णालयात जावं, गरज पडली तर १०८ बोलवावी. एक फसवं दुखणं असतं: आठवडा-दोन आठवड्यांनी, कधी महिन्यानंही, ताप येतो, पडलं की छाती दुखते, पुढे झुकून बसलं की बरं वाटतं. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येऊन तिथे पाणी साचत असल्याची ती खूण असते. इको केल्याशिवाय कळत नाही, आणि सर्दी-ताप समजून गोळ्या घेण्यात दिवस जातात.

मनाच्या जखमेला टाके नसतात, पण तीही दिसते. चड्डी ओली होऊ लागते, रात्री किंचाळून उठणं सुरू होतं, पांढरा शर्ट दिसला की मूल आईच्या मागे लपतं. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत ओसरतं. बाहुलीला इंजेक्शन देण्याचा खेळ खेळू द्यावा. त्यात डॉक्टर ते असतं आणि रडते ती बाहुली. आणि शस्त्रक्रियेच्या आधी "काहीच दुखणार नाही" असं सांगितलं असेल तर आता त्याची किंमत चुकवावी लागते, कारण पुढच्या तपासणीला त्याचा कोणावरच विश्वास नसतो.

मुलीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न येतो, बहुधा बाहेर पॅसेजमध्ये, हळू आवाजात: लग्नाच्या वेळी छातीवरच्या या रेघेचं काय? छिद्र वेळेवर बुजलेल्या मुली बहुतेक वेळा शाळेत धावतात, पुढे संसार करतात, त्यांची बाळंतपणंही सहसा इतरांसारखीच होतात. व्रण वर्षभर उन्हापासून झाकला तर फिका पडत जातो. लपवायची गोष्ट तो नाही, आणि त्यासोबतची फाईल तर अजिबातच नाही. कृत्रिम ठिगळ लावलं असेल तर पहिले सहा महिने दात काढण्यासारख्या उपचारांच्या आधी अँटिबायोटिक लागतं, नाहीतर हिरडीतले जंतू रक्तातून ठिगळावर जाऊन बसू शकतात. शस्त्रक्रियेत रक्त चढवलं असेल तर गोवराची लस काही महिने पुढे ढकलावी लागते. गावातल्या दंतवैद्याला आणि लसीकरणाला येणाऱ्या सिस्टरला हे त्या फाईलशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही.